परतीचा उजेड

मंदाताई शिर्के भर दुपारी कोठीच्या खोलीत दार लावून बसत आणि टॉर्च पारखत. मला हे माहीत नव्हतं. बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत मी नुकतीच राहायला आले होते आणि विरजण मागायला समोरच्या घरी गेले होते. दार उघडं, घरात कोणी दिसेना, आणि आतल्या बंद खोलीतून कोणीतरी पुटपुटत असल्याचा आवाज. काही बरंवाईट झालं की काय म्हणून मी त्या खोलीचं दार ढकललं, तर अंधारातून हुकूम आला, "आत या आणि दार लावा. उजेड येतोय."

मी मुकाट्याने आत गेले. त्यांनी समोरच्या फळीवर टॉर्चचा झोत टाकला आणि अगदी कडेच्या बरण्यांवरची नावं वाचायला लावली. मधली हळद दिसत होती, पण कडेचं काहीच लागत नव्हतं. "बघा," त्या म्हणाल्या, "दुकानातल्या झगझगाटात प्रत्येक टॉर्च शूर असतो." मग मी कोण, कशाला आले, हे त्यांनी विचारलं. विरजण मिळालं, पण त्यासोबत माझ्या हातातल्या भांड्याला झाकण नसल्याबद्दल बोलणीही बसली.

त्या रागीट होत्या. हे मी आडवळणाने सांगणार नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. कोणी लाडात येऊन म्हणालं की मंदाताईंचा राग म्हणजे वरवरचा, आतून सगळी माया, तर त्या फणकारायच्या. "राग हा रागच असतो, त्याला साडी नेसवू नका." त्या कधी ओरडत नसत. आवाज उलट खाली यायचा आणि समोरच्याला पुढे झुकून स्वतःचीच खरडपट्टी ऐकावी लागायची.

सगळ्यात जास्त राग एका शब्दाचा. 'चालशे', म्हणजे चालेल. बडोद्यात हा शब्द गुजराती राहिलेला नाही. आपल्या मराठी घराघरांतही तोच चालतो. लिफ्टचं दार नीट लागत नाही, चालशे. गॅसची नळी जुनी झाली, चालशे. मंदाताई कोयलीकडच्या एका लहान कारखान्यात सुरक्षा विभागात होत्या. तिथे एकदा एक कामगार पेट घेणाऱ्या वाफांनी भरलेल्या टाकीत उतरताना साधाच टॉर्च घेऊन गेला, कारण वरचा माणूस चालशे म्हणाला. ठिणगी पडली आणि त्या कामगाराचे दोन्ही हात भाजले. मंदाताईंनी वरच्या माणसाविरुद्ध तोंड उघडलं आणि निवृत्तीपर्यंत बढतीचं नाव निघालं नाही. त्या म्हणायच्या, "चालशे म्हणणारा नेहमी दुसऱ्याच्या जिवावर म्हणतो." सासरचे लोक पूर्वजांच्या फौजेतल्या पराक्रमाच्या गप्पा मारायला लागले की त्या उठून जायच्या. भिंतीवर तलवार टांगणाऱ्या या माणसांना घरातला फ्यूज बदलता येत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी सासऱ्यांनाही ऐकवलं होतं.

त्यांचे यजमान वसंतराव म्हणजे अगदी दुसरं टोक. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे, 'जाऊ दे ना' म्हणून विषय संपवणारे. या दोघांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे गुहा. लेणी नव्हेत, तिकीट, रेलिंग आणि वाटाड्या असलेल्या जागाही नव्हेत. डोंगराच्या पोटातल्या, आपल्या आपण जाऊन यायच्या गुहा. वसंतरावांना दगडाचे आकार काढायचे असत आणि मंदाताईंना त्यांना आत नेऊन सुखरूप बाहेर आणायचं असे.

त्यासाठी मंदाताईंचे नियम होते. प्रत्येकाकडे तीन उजेड: एक डोक्याला बांधलेला, एक हातातला, एक पिशवीत राखून ठेवलेला. तिन्हींना एकाच मापाचे सेल, म्हणजे गरज पडली तर याचे त्याला घालता येतात. मोबाइलचा उजेड धरायचाच नाही, कारण मोबाइल हातातून पडला की उजेडही गेला. चालण्यासाठी लांब पल्ल्याचा टोकदार झोत नको, पसरट उजेड हवा, म्हणजे पायाजवळचा खड्डा दिसतो. खाण्याचंही तसंच. पोटभर जेवायचं ते गुहेत शिरण्याआधी, बाहेर सावलीत बसून. आत न्यायचं ते तहान न लावणारं, न चुरणारं आणि एका हाताने खाता येणारं: कोरडे थेपले, सुखडी म्हणजे गुळपापडीच्या वड्या, खजूर. चिवडा नाही, शेव नाही. बडोद्याच्या माणसाला शेव सोडायला लावणं म्हणजे काय, हे बडोदेकरच जाणे. एकदा मी डब्यात लपवून शेव नेली होती. त्यांनी ती पायथ्याशीच काढून घेतली आणि मी गुहेत सांडलेला एक एक कण वेचणार आहे का, असं विचारलं.

वसंतरावांच्या मनात एक गुहा फार वर्षं होती. छोटा उदेपूरच्या पुढे, डोलोमाइटच्या डोंगरात. तरुणपणी मित्रांबरोबर गेले असताना त्यांचे कंदील मिणमिणायला लागले आणि सगळे अर्ध्यातून परतले. आतल्या दालनात छतापासून जमिनीपर्यंत पांढरे खांब आहेत, हे त्यांनी फक्त गावकऱ्यांकडून ऐकलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी तो विषय काढला, मंदाताईंनी लगेच तयारी सुरू केली आणि तिसरं माणूस हवंच म्हणून मला धरलं.

अडलं ते टॉर्चवर. रावपुऱ्याच्या बाजारातून आणलेला पहिला टॉर्च वसंतरावांना पसंत पडेना. उजेड फक्त मध्ये पडतो, कडेला काळोख राहतो, असं ते म्हणाले. मंदाताईंनी तो परत केला. दुसरा आणला, तीच तक्रार. तिसरा आणखी पसरट झोताचा, तरी तेच. मंदाताई दुकानदाराला लबाड, चोर, वाटेल ते बोलल्या. मी सोबत होते. तो दुकानदार थकून गेला, त्याने गाळ्याचं शटर अर्धं ओढलं, टॉर्च भिंतीवर लावला आणि विचारलं की तुम्हाला स्वतःला कडेचं दिसतंय की नाही. दिसत होतं. छान दिसत होतं. तो शांतपणे म्हणाला, "मासी, टोर्च तो बराबर छे. काकाने लई आवो."

टॉर्च ठीक आहे, काकांना घेऊन या. मंदाताई तोच टॉर्च घेऊन तडक घरी निघाल्या.

घरी आल्यावर त्यांनी वसंतरावांना कोठीच्या खोलीत नेलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला. मी झोत समोरच्या भिंतीवर धरला. त्या न बोलता बाजूच्या फळीला टेकून उभ्या राहिल्या, वसंतरावांपासून हातभर अंतरावर. उजेड मंदाताईंच्या चेहऱ्यावर पुरेपूर पडला होता. त्यांच्या चष्म्याची काडीसुद्धा मला दिसत होती.

वसंतराव समोर बघत म्हणाले, "बघ, कडेला काही म्हणजे काही दिसत नाही. मंदा, तू गेलीस कुठे?"

त्या क्षणी मला तिथून पळून जावंसं वाटलं. मंदाताईंनी दिवा लावला आणि किती दिवसांपासून, एवढंच विचारलं. मग सगळं बाहेर आलं. काचबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. गेलेली नजर परत येत नाही, पण थेंब नेमाने घातले तर उरलेली टिकवता येते, हेही सांगितलं होतं. वसंतरावांनी थोडे दिवस थेंब घातले, मग सोडून दिले. बाटली चित्रांच्या ब्रशांमागे ठेवली होती. का सांगितलं नाही, तर म्हणाले, "तू चिडशील म्हणून."

मंदाताई चिडल्या. मी त्यांना त्यानंतर कधी तसं पाहिलं नाही. आवाज इतका खाली गेला की मला शब्द लागले नाहीत, आणि लागले नाहीत तेच बरं झालं.

बातमी पसरली आणि मग सोसायटीला उमाळा आला. बिचारे वसंतराव. बायकोच्या धाकाने आजार लपवावा लागला. ज्यांनी कधी त्यांना रस्ता ओलांडून दिला नव्हता त्यांना एकदम त्यांची कणव आली. करजणहून त्यांची धाकटी बहीण शैला आली आणि चहाचा कप हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, तुझ्या रागाला घाबरून दादाने डोळे घालवले."

मला अजूनही ते वाक्य आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. वसंतराव खाली बघत बसले होते. त्यांनी तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता. बोलले नाहीत. मंदाताई मात्र रडल्या नाहीत की गयावया केल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझ्या रागाने डोळे गेले नाहीत, शैला. औषध न घातल्याने गेले. मी चिडले असते, दोन दिवस घर डोक्यावर घेतलं असतं आणि रोज वेळेवर थेंब घातले असते. ते यांना नको होतं."

बाईमाणसाने एवढा अपराध नाकारावा हे कोणाला रुचलं नाही. मला रुचलं. घरातल्या कोणाचं काही बिघडलं की आधी बाईच्या स्वभावाकडे बोट दाखवायचं, ही सोय आपण फार जपलेली आहे.

गुहेचा बेत रद्द होईल असं सगळ्यांना वाटलं. मंदाताईंनी तो अलीकडे ओढला. डॉक्टरांना विचारून घेतलं, आणि पुन्हा उजेडाची निवड सुरू झाली, या वेळी वेगळ्या हिशेबाने. डोळ्यांवर येणारा पांढराफटक झोत वसंतरावांना सोसत नव्हता, म्हणून किंचित पिवळसर उजेड घेतला. मागून उजेड आला तर त्यांचीच सावली त्यांच्या पायात येते, म्हणून मी बाजूने चालायचं ठरलं. मंदाताईंनी स्वतःसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले, कमरेला एक दिवा खाली वळवून बांधला. वसंतरावांनी फक्त त्या उजळलेल्या टाचा बघत चालायचं. थेपल्यांच्या डब्यात डोळ्यांचे थेंब बसवले.

डोंगराच्या पायथ्याच्या घरी आम्ही किती वाजता परतणार ते सांगून ठेवलं, पोटभर जेवलो आणि आत शिरलो. तोंडाशी वाकावं लागलं, मग चिंचोळी वाट, ओल, वटवाघळांचा वास. मंदाताई पावलागणिक सांगत होत्या, इथे पायरी, इथे डावीकडे हात. आणि मग दालन उघडलं. पांढरे खांब होते. काही छतापासून खाली आलेले, काही वर चढणारे, दोनचार मध्ये भेटलेले. मी असं काही पाहिलं नव्हतं. आम्ही आपापले दोन्ही उजेड कपारींतून ठेवले आणि वसंतराव कागद घेऊन बसले.

त्यांना ते सगळं एकदम दिसत नव्हतं. मान वळवून वळवून तुकडा तुकडा बघत होते, एक खांब सापडला की मागचा हरवत होता. थोड्या वेळाने त्यांनी राखलेले तिसरे टॉर्चही लावायला सांगितले. मंदाताई नाही म्हणाल्या. ते परतीचे आहेत.

"मंदा, मला हे पुन्हा दिसणार नाही."

"आणि तुम्हाला बाहेरही जायचंय."

मग वसंतराव चिडले. तो मऊ माणूस, ज्याने कधी दूधवाल्यालाही आवाज चढवून विचारलं नव्हतं, तो त्या दालनात बायकोवर ओरडला. तुझे नियम, तुझे सेल, माणसापेक्षा तुला टॉर्च जास्त, आयुष्यभर हेच केलंस. दगडांवरून आवाज परत येत होता. मला वाटलं, आता तरी त्या देतील. त्यांचा हात पिशवीवर होता. त्यांनी टॉर्च दिला नाही.

वसंतरावांनी अर्धवट चित्र गुंडाळलं. आम्ही त्याच वाटेने बाहेर आलो. एकही दिवा विझला नाही, एकही सेल संपला नाही; राखलेले टॉर्च पिशवीतून तसेच परत आले. म्हणजे दिले असते तरी काही बिघडलं नसतं. हे आम्हा तिघांनाही कळत होतं, आणि मंदाताईंनी त्यावर कधी माफी मागितली नाही. बाहेर आल्यावर वसंतरावांनी थेपल्याला हात लावला नाही.

आम्ही गाडीने बडोद्याकडे निघालो. बोडेली गाव मागे पडल्यावर मंदाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आज तुम्ही माझ्यावर चिडलात. वर्षापूर्वी असेच चिडला असतात तर बरं झालं असतं."

वसंतराव म्हणाले, "मी अजून चिडलेलोच आहे."

"राहा," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या घरात दोघांचे आवाज यायला लागले. लोकांना ते भांडण वाटायचं. वसंतराव थेंब वेळेवर घालायचे, आणि डोळे चुरचुरतात, कंटाळा येतो, भीती वाटते, हे सगळं संतापून का होईना, पण सांगायचे. उरलेली नजर पुष्कळ दिवस टिकली.

मंदाताई मागच्या हिवाळ्यात गेल्या. सकाळी चहा गाळत होत्या, तिथेच खाली बसल्या आणि उठल्या नाहीत.

भेटायला माणसं आली. शैलाही आली. डोळे पुसत ती म्हणाली की वहिनी तापट होती, पण मनाने फार चांगली. सगळ्यांनी माना हलवल्या. अशा वेळी म्हणायचं ते हेच वाक्य असतं.

वसंतरावांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "तापट होती आणि चांगली होती," ते म्हणाले. "त्यात 'पण' घालायचा नाही. माझ्या घरात तरी नाही." त्यांचा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार.

शैलाचा चेहरा उतरला, ती पर्स उचलून उभी राहिली, तरी त्यांनी तिला बस म्हटलं नाही. दोघीतिघींनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलून सावरून घ्यावं म्हणून. मी सावरलं नाही.