न लागलेली भूक

जेवताना ती मध्येच हात थांबवायची आणि म्हणायची, "थांब, निरोप येऊ दे." निरोप म्हणजे पोट भरल्याचा, आतड्यांनी मेंदूला धाडलेला.

जयपूरला बनी पार्कमधल्या एका दवाखान्यात ती आहारतज्ज्ञ होती आणि मी फिजिओथेरपिस्ट. मराठी आम्ही दोघीच. ती सांगलीची, मी नाशिकची. डबा एकत्र खायचो. आपलं काम डब्यातही घेऊन येणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी भाताला हात घातला की ती डाळीची वाटी पुढे सरकवायची.

"आधी डाळ नि कोशिंबीर. प्रथिनं आणि चोथा खाली गेला की आतड्यातनं 'पुरे' म्हणणारी हार्मोन्स सुटतात. तूप असलं तर पोट सावकाश रिकामं होतं. नुसती साखर खाल्लीस, तर थोड्या वेळात पुन्हा खा खा."

कचोरीची कबुली द्यायला पेशंट घाबरायचे. एक गृहस्थ अर्ध्याच कचोरीवर आले, "मैडम, बस आधी खाई." तिने गंभीरपणे विचारलं, "कौनसी आधी, भाईसाब? कुरकुरीवाली?"

मागच्या हिवाळ्यात तिचं पोट लवकर भरायला लागलं. आधी अर्धी भाकरी उरायची, मग पाऊण. "शिकली बघ माझी आतडी," ती म्हणाली. दोघी हसलो. पण तिचे गाल बसले, कुर्ते खांद्यावरून ओघळू लागले आणि पोट मात्र तटतटलेलं.

"ताई, एकदा दाखवून घ्या ना."

"काही नाही गं. चोथा जास्त होतोय."

एका दुपारी ती डबा न उघडता बसली होती. सकाळी तिने मुद्दाम नुसता पांढरा पाव आणि गोड सरबत घेतलं होतं. पेशंटना ज्याची मनाई करायची, नेमकं तेच.

"एव्हाना कडकडून भूक लागायला हवी," ती म्हणाली.

मीही डबा बाजूला ठेवला. बाहेर पेशंट ताटकळले होते. ती पोटावर हात ठेवून, दारात कुणाची चाहूल लागते का ऐकावं तशी बसली होती. बऱ्याच वेळाने तिने माझ्याकडे पाहिलं.

"लागत नाहीये गं."

दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफी झाली. अंडाशयात गाठ होती, पोटात पाणी साठलं होतं. पुढच्या तपासण्यांत कळलं, कर्करोग आतड्यांपर्यंत पसरला होता. दोन घासांत पोट भरायचं ते त्यामुळे.

ती एकटीच राहायची. भाऊ तिला सांगलीला न्यायला आला. स्टेशनवर मी मऊ दशम्या दिल्या. "कोटा स्टेशन आलं की खाईन," ती म्हणाली. तिच्या भावाने मान वळवली.

गाडी हलली. तिने खिडकीतून हात उंचावला, तशा लाखेच्या बांगड्या मनगटावरून घसरत थेट कोपरापर्यंत गेल्या. तिने चटकन हात ओढणीखाली घेतला.

होळीच्या सुमारास तिच्या भावाचा फोन आला. काय झालं, ते त्याला सांगावं लागलं नाही.