टोमॅटोची कानातली

शेताच्या बांधावर पडलेले, ठिबकची नळी जोडायचे दोन जॉइनर मी उचलले, सोनेरी नेलपेंट फासलं, तार गुंडाळली, की झाली झोकदार कानातली! ती घालून नारायणगावला लग्नाला निघाले, तोच आमच्या टोमॅटोत नळी तुटली आणि पाण्याचं कारंजं उडालं. नवरा चिंब भिजून धावत आला.

"एक कानातलं दे गं, पटकन!"

मी बोंबलेपर्यंत ते नळीत बसलंसुद्धा. अख्ख्या लग्नात मी फुरंगटून एकाच कानातल्यावर मिरवले.

दुसऱ्या दिवशी शेजारचे भाऊ बांधावरून ओरडले, "राव, टोमॅटोला सोनं घातलं व्हय?"

हसून हसून माझी मुरकुंडी वळली. उरलेलं कानातलं मी नवऱ्याच्या हातात ठेवलं.

"घ्या, हे बी घाला टोमॅटोला. एका कानानं बरं नाय दिसत."