राणी गोदाबाईंची पहिली जयंती

धायरीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळं माझ्याच मशीनमधून बाहेर पडतं. त्यामुळे माणूस कशानेही मोठा होऊ शकतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मला धक्का वगैरे बसत नाही, असं मी आजवर सगळ्यांना ऐकवत आले. उत्तरेश्वरने ते खोटं पाडलं.

उत्तरेश्वर माझ्याकडे डिझाइनचं काम करतो. मूळचा अंबाजोगाईकडच्या एका खेड्यातला. शिकायला म्हणून पुण्यात आला, शिक्षण सुटलं, पुणं सुटलं नाही. बोलणं कमी. पुढाऱ्यांच्या फोटोतली पोटं आत घालण्यात त्याचा हात धरणारा या रस्त्यावर दुसरा कोणी नाही. मध्यंतरी तो आईला इकडे घेऊन आला आणि दोघं दुकानामागच्या खोलीत राहू लागली. त्याची आई, गोदाबाई, आल्या दिवसापासून माझं दुकान झाडू लागल्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "बसून तरी काय करू बाई?"

उत्तरेश्वरला एकच नाद, कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचा. इतिहासातलं एखादं राज्य निवडायचं आणि ते चालवायचं. लढाया, तह, कर, दुष्काळ, सगळं आपल्या डोक्यावर. परदेशातली कंपनी अधूनमधून त्यात नवी राज्यं आणि नवे राजे घालते, त्याला ही मुलं एक्स्पान्शन म्हणतात. ते यायच्या कितीतरी आधीपासून यांचे अंदाज सुरू. कंपनीने एका चित्रात काळा दगड आणि बुरूज दाखवला, आणि झालं, दख्खन येणार म्हणून खेळणाऱ्यांचा ऑनलाइन ग्रुप पेटला. कोणता किल्ला, कोण राजा, कोणाला किती घोडदळ. खराडीत आयटीत काम करणारी उत्कर्षा त्या ग्रुपची म्होरकी. सुट्टीच्या दिवशी ती थेट दुकानात येऊन वाद घालायची. मी एकदा म्हटलं, "पंचांग बघा ना, त्यात दिलं असेल." दोघांपैकी कोणीही हसलं नाही.

बाकीचे मोठमोठी नावं सांगत होते. उत्तरेश्वरने मात्र एक नाव टाकलं, ते कोणी ऐकलेलंच नव्हतं. विहिरीची राणी गोदाबाई. एका छोट्याशा गढीची मालकीण. शत्रूने गढीबाहेरच्या विहिरीवर मोटा लावल्या तेव्हा ती पायऱ्या उतरून पाण्याशी जाऊन बसली आणि म्हणाली, आधी मला उपसा. शत्रू तहानलेला परत गेला. म्हणून, त्याने लिहिलं, तिच्या हद्दीत शिरणाऱ्या फौजेला खेळात पाणी मिळू नये. कोणीतरी विचारलं, हे कुठलं? त्याने लिहिलं, आमच्याकडे सांगतात.

आमच्याकडे म्हणजे त्याच्या घरात, आणि सांगणारा तो एकटा. खरी गोष्ट त्याने मला एकदा चहा पिताना सांगितली होती. एका उन्हाळ्यात रस्त्याच्या ठेकेदाराने गावच्या विहिरीवर इंजिन लावलं. गावातले पुरुष निवेदन लिहायला बसले. गोदाबाई विहिरीत उतरल्या आणि पाइपाच्या तोंडाशी जाऊन बसल्या, इंजिन तिथून हलेपर्यंत उठल्या नाहीत. पुढे सत्कार झाला तो सरपंचांचा. शाल, नारळ, पेपरात फोटो. गोदाबाईंचं नाव कोणी घेतलं नाही, आणि त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही. उत्तरेश्वरला वाटलं, आणि ते आजपर्यंत गेलेलं नाही.

"आईचं नाव कुठंतरी लागावं, एवढंच होतं ताई," तो म्हणाला. "खेळातल्या अंदाजात टाकलं. तिथं कोण बघतंय?"

सगळ्यांनी बघितलं. त्याचा मजकूर एकाने उचलून इंटरनेटवर दुसरीकडे टाकला, मग दुसऱ्याने पहिल्याचा, मग तिसऱ्याने दोघांचा हवाला दिला. एका दुपारी उत्तरेश्वर फ्लेक्सला कड्या मारत बसला होता आणि उत्कर्षाचा फोन आला. हात गुंतलेले, म्हणून त्याने स्पीकरवर घेतला.

"बघितलंस का? नव्या एक्स्पान्शनचा ट्रेलर आलाय. गोदाबाई आहे त्यात."

"कुठली गोदाबाई?"

"तुझी रे. अख्ख्या ग्रुपमध्ये तू एकटा बरोबर निघालास."

त्याने तो ट्रेलर माझ्यासमोर लावला. पांढरा घोडा, हिरवा शालू, कोपरापर्यंत सोनं, हातात तलवार, आणि मागे रत्नं जडवल्यासारखी विहीर. खाली नाव, गोदाबाई. मी बघत होते त्याच्याकडे. पोराच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. मला आधी वाटलं, कोणी गेलं की काय.

"ताई, यांनी तपासलंच नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "एवढे मोठे लोक, यांनी तपासलंच नाही."

आतल्या खोलीत गोदाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा थपथप आवाज आम्हा दोघांनाही ऐकू येत होता.

पोरगं सरळ. त्याने त्याच दिवशी ग्रुपवर खरं लिहून टाकलं, की ही राणी नाही, ही माझी आई आहे, ती जिवंत आहे आणि धायरीत राहते. त्यावर जे आलं ते वाचून माझाच संताप झाला. एकाने लिहिलं, मग माझी आजी क्लिओपात्रा. उत्कर्षाने निराळा मेसेज पाठवला. "सॉरी, पण तुझं तुला कळतंय ना हे कसं दिसतं? राणी फेमस झाल्यावर आई आठवली? काही सोर्स असेल तर दे." त्याने खोटी राणी रचली तेव्हा कोणी पुरावा मागितला नव्हता. खरं बोलल्यावर मात्र मागितला.

ट्रेलर आमच्या भागातल्या पोरांच्या मोबाइलवर फिरला, आणि मग आले रंगराव. रंगराव म्हणजे आमच्या भागाचे भावी नगरसेवक. भावी हे पद ते बरीच वर्षं नेटाने सांभाळून आहेत.

"मंदाताई, चौकात लावायचा आहे, मोठा काढा. जलरक्षक राणी गोदाबाई जयंती महोत्सव, वर्ष पहिलं."

मी चष्मा काढला. "जयंती कधी असते त्यांची?"

"येत्या रविवारी."

"कोणी ठरवली?"

"चौक रविवारीच मोकळा आहे," रंगराव म्हणाले. "आणि ठरवायचं काय त्यात? त्या आमच्याच घराण्यातल्या. आमचे आजोबा सांगायचे."

मी आयुष्यात बऱ्याच थापा छापल्या आहेत, पण एवढी सरळ थाप कोणी माझ्या तोंडावर मारली नव्हती. माणूस डोळ्याला डोळा भिडवून बोलत होता. मला तर वाटतं, तोवर त्याला ते खरंही वाटू लागलं होतं.

उत्तरेश्वर खुर्चीतून उठला. "साहेब, ती माझी आई आहे. राणी मी रचली आहे."

रंगरावांनी त्याला नीट न्याहाळलं. "भाऊ, परदेशातली माणसं खेळ काढतात ती तुझ्या आईवर काढतील का?" मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इथं बोललास, ठीक. चौकात नको बोलू. पोरांच्या भावना असतात."

आणि तो फ्लेक्स उत्तरेश्वरनेच बनवला. मी म्हटलं, नको करूस, मी दुसरीकडून करून घेते. तो म्हणाला, "नाव तरी आईचंच आहे ना ताई." आईला मात्र त्याने यातलं काहीही सांगितलं नव्हतं. ती लाजेल, म्हणाला, आणि मग झाडायलाही बाहेर येणार नाही.

पण गोदाबाईंना फ्लेक्सवरची अक्षरं लावता येत होती. रविवारी सकाळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, ओंजळभर झेंडू घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मपल्या नावाची राणी व्हती म्हणं," त्या मला म्हणाल्या. "दर्शन घेऊन येऊ का?" नाही कसं म्हणणार? आम्ही तिघं गेलो.

चौकात मांडव, ढोल, स्टेजवर त्या घोड्यावरच्या बाईचं चित्र. रंगरावांच्या घरच्या बायका नथी घालून दिवे लावत होत्या. गोदाबाई फुलं घेऊन स्टेजच्या पायरीशी गेल्या, तर गळ्यात उपरणं घातलेल्या एका कार्यकर्त्याने हात आडवा केला. "मावशी, खाली थांबा. वर फक्त घराण्यातल्या."

गोदाबाई मुकाट्याने मागे सरकल्या. कोणी सरक म्हटलं की सरकायचं, ही त्यांची सवय. मी उत्तरेश्वरचा शर्ट धरायला हात पुढे केला, तोवर तो स्टेजवर पोचला होता. त्याने निवेदकाच्या हातातला माइक घेतला.

"ही राणी झालीच नाही," तो म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "विहिरीत उतरली ती माझी आई. ती तिथं खाली उभी आहे. तुम्ही तिला आत्ता मागं सारलं."

ढोल थांबले. कोणी ओरडलं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. उपरणंवाले दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे सरकले. रंगरावांनी त्यांना हाताने थांबवलं, स्वतः पायऱ्या उतरून खाली आले आणि माइक गोदाबाईंसमोर धरला. चेहऱ्यावर हसू, भाषा अदबीची.

"आई, आपणच सांगा. आपला मुलगा म्हणतो ते खरं का?"

सगळा चौक त्या बाईकडे वळला. मी मनात म्हणत होते, हो म्हणा. एकदाच हो म्हणा. त्या पोराने आयुष्यात एवढंच मागितलंय.

गोदाबाईंनी लेकाकडे बघितलं. मग चित्राकडे बघितलं, घोडा, सोनं, तलवार, सगळं सावकाश.

"न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "ही राणी हाय. मी कशाची राणी?"

टाळ्या पडल्या. रंगरावांनी त्यांच्या ओंजळीतली फुलं घेतली आणि वर पाठवली. उत्तरेश्वर स्टेजवरून उतरून आईसमोर येऊन उभा राहिला. 

"आई, तू उतरली होतीस ना गं?"

"उतरले की," गोदाबाई हळूच म्हणाल्या. "पर लई भ्या वाटलं व्हतं रे मला. मला पवायला येत न्हाई. ही राणी तवा असती, तर मला कशाला उतरावं लागलं असतं?"

तिला पोहता येत नव्हतं, हे उत्तरेश्वरला माहीत नव्हतं.