जळक्या फोटोंची वेबसाइट

बातमी आली तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलीच होते. आदल्या संध्याकाळी तो माझ्या श्रीरामपूरच्या कॉम्प्युटर क्लासवर आला, खुर्ची पुढं केली तरी बसला नाही आणि उभ्या उभ्या माझं आठवडाभराचं काम नापास करून गेला. "शालू, ह्यात फोटो आपल्या जागी ऱ्हातच न्हाई. तू बसवती एकीकडं, तो जाऊन बसतो भलतीकडं. ह्याच्यापरीस तू हातानं लिहीत हुती ते बरं हुतं." एवढं बोलून फ्लॉपी टेबलावर ठेवली आणि चालता झाला. चहासुद्धा घेतला नाही. सकाळी तीच फ्लॉपी घालून मी मनातल्या मनात त्याला चार शब्द सुनावत होते, तेवढ्यात फोन वाजला. बेलापूरहून, त्याच्या स्टुडिओशेजारच्या दुकानदाराचा. सुभाषभाऊ चहा पिता पिता गेले म्हणाला... दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. मी फोन ठेवला आणि आधी काय केलं असेल तर फाईल सेव्ह केली. मग खुर्चीतून उठले आणि कुठं निघाले होते तेच मला आठवेना.

सुभाषदादा माझा मावसभाऊ. आमच्यात दहा वर्षांचं अंतर, पण भांडायला ते कधी आड आलं नाही. बेलापुरात पेठेच्या टोकाला त्याचा स्टुडिओ. पासपोर्ट फोटो, शाळेच्या वर्गाचे फोटो, बारशी, आणि मुख्य म्हणजे लग्नं. लग्नसराईत तो आणि त्याची स्कूटर, दोघंही घरच्यांना दिसायची नाहीत. आमचं घर बौद्ध. मुहूर्त, शकुन, अपशकुन असल्या भानगडी आमच्यात नाहीत, आणि दादा तर त्यावरून भल्याभल्यांशी वाद घालायचा. पण गिऱ्हाईक सगळ्या जातीधर्मांचं, आणि पोट गिऱ्हाइकावर. त्यामुळं मांडवात शिरला की तो तोंडाला कुलूप लावायचा. "आपलं काम फोटो काढायचं. डोकं घरी ठिवायचं," असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

आता हे जळके फोटो म्हणजे काय, ते सांगायला हवं. कॅमेऱ्यात नवीन रोल घालताना त्याच्या सुरुवातीच्या टोकाला उजेड लागतो. म्हणून झाकण लावल्यावर पहिल्या एकदोन क्लिक वाया घालवायच्या, हा सगळ्या फोटोग्राफरांचा रिवाज. कुणी जमिनीकडं कॅमेरा करून दाबतो, कुणी बॅगेकडं. दादाचं म्हणणं, वाया घालवायचीच आहे तर कुणावर तरी घालवावी. आणि रोल बदलायला तो नेहमी मांडवामागं जायचा, कारण तिथं सावली असते आणि पायात पायात करणारी पोरं नसतात. मांडवामागं कोण असतं? आचारी असतात, भांडी घासणाऱ्या बाया असतात, बँडवाला बूट काढून पाय चोळत बसलेला असतो. ज्यांना मांडवात पुढं यायचं नसतं किंवा येऊ दिलं जात नाही, अशी माणसं असतात. दादा झाकण लावायचा आणि जो समोर असेल त्याच्यावर पहिली क्लिक दाबायचा. त्या फोटोचा एक भाग नारिंगी, पिवळा होऊन जळून गेलेला असतो, आणि उरलेल्या भागात एक माणूस असतं. लॅबवाले असले फोटो छापतच नाहीत. दादा हट्टानं छापून घ्यायचा. लॅबवाल्यानं त्याला कधीच वेड्यात काढलं होतं.

हे फोटो त्यानं गिऱ्हाइकाला कधी दिले नाहीत. कसे देणार? लग्नातला फोटो जळका निघाला असं नुसतं कानावर गेलं तरी नवऱ्यामुलीची आई हातपाय गाळायची. एकदा त्याच्या हातून असा एक फोटो चुकून अल्बमात गेला होता. त्या घरानं त्याला दारात उभं करून असं काही सुनावलं, की पुढची सगळी सराई त्या वस्तीतलं एक काम त्याला मिळालं नाही. तेव्हापासून जळके फोटो मिठाईच्या खोक्यांत, आणि खोकी स्टुडिओच्या माळ्यावर. कुसुमवहिनींशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाला पत्ता नव्हता.

माझ्याकडं क्लासात इंटरनेट आलं तेव्हा मी त्याला हौसेनं बोलावलं. मॉडेममधून पुण्याला फोन लागायचा, तो चिरकायचा, मग कधीतरी एखादं पान वरून खाली हळूहळू उतरायचं. त्या दिवशी उतरलं ते कुठल्याशा परदेशी फोटोग्राफरचं पान. काळ्या पार्श्वभूमीवर एकेक फोटो, बाकी काही नाही. दादा वाकून वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी ह्याला दुकान न्हाई, गिऱ्हाईक न्हाई, नुसतं आपलं आपलं लावून ठिवलंय?" मी म्हटलं, हो. "आन कोनी बी बघावं?" हो रे बाबा, कुणीही. त्याचे डोळे कसे झाले होते ते मला अजून दिसतं... दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला, मांडीवर मिठाईचं खोकं.

तिथून माझे हाल सुरू झाले. वेबसाइट बनवायला तेव्हा काय काय मिळतं ते मी शोधलं. एक होती फुकटात जागा देणारी परदेशी सेवा. त्यांचा साचा तयार, आपण फक्त फोटो भरायचे. पण वर त्यांची जाहिरात लुकलुकायची. "मयताच्या मागं बँड लावल्यावानी दिसतंय," दादा म्हणाला आणि ते बाद झालं. मग कुणीतरी पुण्याहून एक सीडी आणली, माऊसनं ओढून ओढून पान तयार करायचं सॉफ्टवेअर. मी खूश. कोड लिहायची कटकट नाही, सगळं डोळ्यांसमोर. पण ते शहाणं सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोची छोटी चौकोनी आवृत्ती करायचं आणि करताना कडा कापायचं. कडेलाच तर जळकं! दादानं कपाळाला हात लावला. तिसरा मार्ग म्हणजे साध्या नोटपॅडमध्ये एकेक ओळ हातानं लिहायची. फोटो आहे तेवढा, आहे तसा दिसतो. पण एक कंस सुटला तर सगळं पान पांढरंफटक. मी एकटी बाई, दिवसभर पोरांना शिकवणार, संध्याकाळी ह्याचे कंस मोजणार? दोनचार पानं लिहिली आणि म्हटलं, मला जमणार नाही. तो म्हणाला, बरं, मग ती सीडीच लाव. लावली, तर पुन्हा त्याच्यात खोट.

स्कॅनिंगची तर वेगळीच तऱ्हा. नगरला एका डीटीपीवाल्याकडं चांगला स्कॅनर होता. दादा सुट्टीचा दिवस बघून एसटीनं खोकं घेऊन गेला, फोटो ठेवून आला. पुढच्या खेपेला फ्लॉप्या घेऊन आला त्या थेट माझ्याकडं. आम्ही एकेक उघडतो तर काय, सगळे फोटो स्वच्छ! त्या भल्या माणसानं रात्रंदिवस खपून प्रत्येक फोटोची जळकी बाजू कापून टाकली होती आणि उरलेली माणसं नीट मधोमध आणून ठेवली होती. मला हसू आवरेना. दादा मात्र खुर्चीत बसकण मारून म्हणाला, "आता ह्याला काय बोलू? बिचाऱ्यानं उपकार केल्यात." पुन्हा एसटी, पुन्हा नगर. दुसऱ्या वेळी तो तिथंच स्टूल घेऊन बसला आणि एकेक फोटो डोळ्यांसमोर स्कॅन करून आणला.

मग पार्श्वभूमी काळी की राखी. मग एका पानावर एक फोटो की तीन. मग फोटोखाली मराठीत काही लिहावं, तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपला फॉन्ट नसला की तिथं नुसते चौकोन नि टिंबं दिसायची. हे मी त्याला मोठ्या दुःखानं सांगितलं, तर स्वारी खूश. "ब्येस झालं. नावच नको कुनाचं." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सरळ विचारलं, "दादा, तुला साइट नक्की करायचीय का? का नुसता खोडा घालतोयस?"

तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "करायचीय गं. मरायच्या आधी एकदा माजं म्हनून काहीतरी लागलं पायजे. लग्नाचे फोटो काय, ते त्येंचे. कपाटात घालतील, कुलूप लावतील. हे माजे हायत. पन शालू, गावातल्या कुनी बघितलं आन म्हनलं, ह्यानं आमच्या लग्नाचे जळके फोटो जगाला दावले, तर? कुसुमनी कुनाच्या दारात जायचं?" मी म्हटलं, अरे, तुझ्या गावात कॉम्प्युटर तरी आहे का कुणाकडं! "तुज्याकडं पोरं येत्यात ना शिकायला," तो म्हणाला. म्हणजे ह्याला जगानं बघायला हवं होतं आणि बेलापूरनं बघायला नको होतं. आणि असं करून देणारं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही.

त्याचं सगळं झाल्यावर मी वहिनींना विचारलं. खरं तर विचारायचा धीर होत नव्हता. स्टुडिओ आता त्याच चालवणार होत्या. पासपोर्ट फोटो त्या आधीपासून काढायच्या, आता लग्नंही घेणार म्हणत होत्या. म्हणजे बोभाटा झाला तर झळ त्यांनाच. भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "वरीसभर ह्या मानसाला झोप न्हवती. झोपेत बी कंस म्हनायचे. लाव तू. जे व्हईल ते मी बघीन." मी क्लासवर परत आले, ती सीडी कपाटात टाकली आणि नोटपॅड उघडलं. त्यानं शेवटी सांगितलं होतं तेच, हातानं. लिहिता लिहिता रडू यायचं, कंस चुकायचे, मग त्याच्यावर राग यायचा, मग पुन्हा रडू. एका पानावर एक फोटो, राखी पार्श्वभूमी, नाव नाही, गाव नाही. लावून टाकली साइट. आणि मग जीव टांगणीला. क्लासात कुणी दोघं कुजबुजली तरी मला वाटायचं, झालं, लागला सुगावा!

गेल्या आठवड्यात दुपारी एक बाई जिना चढून वर आली. चाळिशीची असेल, हातात पिशवी, उन्हानं लाल झालेली. म्हणाली, "बेलापूरच्या फोटोवाल्या वहिनींनी धाडलंय. भेटायला गेल्ते. आमच्या लग्नातला फोटो तुमी मशिनीत लावलाय म्हनं." वहिनींनी स्वतः सांगितलं? मी खुर्ची दिली, पाणी दिलं, उगाच इकडचं तिकडचं बोलले. ती म्हणाली, दावा. कुठल्या गावचं लग्न ते तिनं सांगितलं. दादा फोटोमागं पेन्सिलनं गाव लिहून ठेवायचा, त्यामुळं कुठला फोटो ते मला कळलं. फोन लावला, चिरकला, आणि पान उतरायला लागलं. आधी वरचं सगळं नारिंगी. ओळीमागून ओळ नुसती नारिंगी. मी घाईघाईनं सांगायला लागले, की ताई, हा दोष रोलचा आहे, त्याचा शकुनाबिकुनाशी काही संबंध नाही, पहिल्या फ्रेमला उजेड लागतो... ती ऐकतच नव्हती. नारिंगीच्या खालून एक कोरं कपाळ उतरलं, मग पांढऱ्या लुगड्याचा पदर, मग परात, मग परातीतल्या लाडवांवर वळलेले दोन हात.

"आई हाय आमची," ती म्हणाली.

मग तिचं बोट पडद्यापाशी गेलं आणि थांबलं. "अल्बममधी न्हाईच ती कुठं. एका बी फोटोत न्हाई. मी बाशिंग बांधल्यावर दोनदा निरोप धाडला, तिला म्हनावं पुढं ये. म्हनली, कामात हाय. हितं बसली हुती व्हय..." मी हळूच विचारलं, आई असतात का? "दोन वर्सं झाली जाऊन," ती म्हणाली. मला दादाचा असा राग आला म्हणून सांगू! लाडू वळणारी ही म्हातारी इतकी वर्षं माळ्यावरच्या खोक्यात होती, आणि तिची लेक स्कूटरनं जाऊन येण्याएवढ्या अंतरावर. अरे, एकदा जाऊन दाखवायचा होतास! फार तर काय झालं असतं, दारात उभं केलं असतं. तू आत्ता इथं असायला हवा होतास, माझ्या शेजारी, म्हणजे मी तुला चार शब्द ऐकवले असते आणि तूही ते मुकाट ऐकले असतेस.

बाईनं पदरानं डोळे पुसले आणि ती एकदम उठली. मला वाटलं निघाली. दारात जाऊन वळली आणि म्हणाली, "हे बंद नका करू, ताई. भाऊ खाली हुबा हाय गाडीपाशी. त्याला घिऊन येते."