विश्रामअण्णांचा शिक्का

"आज काय व्हया गो? रडूक, हसूक, की घाबरूक?"

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीतल्या वाचनालयात पाऊल टाकलं की ते सांभाळणारे विश्रामअण्णा आधी हे विचारत. पुस्तकाचं नाव सांगायची सोयच नव्हती. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे. अण्णा प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालत, त्यामुळे प्रेमकथेवरसुद्धा मोर्चा निघालेला असे. त्यावर लाल पेन्सिलीने लिहीत: 'रडण्याचं', 'हसण्याचं' किंवा 'घाबरण्याचं'. चौथा प्रकार नाही! मिलमध्ये ते कापडाच्या ताग्यांवर शिक्के मारायचे, तीच खोड इथे.

"गिऱ्हाईक कापड बघणा नाय, शिक्को बघता," असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचा भारी राग यायचा आणि त्यांच्यावाचून करमायचंही नाही.

एकदा कव्हरांची अदलाबदल झाली आणि शेजारच्या सावंतकाकूंनी एका संताचं चरित्र 'घाबरण्याचं' म्हणून नेलं. दुसऱ्या दिवशी धापा टाकत आल्या. "अण्णा, काळजाचं पाणी झालं हो! तो साधू प्रत्येक पानावर नुसता गोड बोलतो. आता कुणाचा गळा धरतो कोण जाणे!"

अण्णांनी चूक सुधारली नाही. "शेवटपर्यंत वाचा," एवढंच म्हणाले. काकू आठवडाभर भरदुपारी दाराला कडी लावून वाचत होत्या.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. मला लेखिका व्हायचं होतं, तेही लोकांना ढसाढसा रडवणारी. चाळीच्या हस्तलिखित अंकासाठी जीव ओतून एक शोककथा लिहिली आणि गणपतीत सगळ्यांसमोर वाचायला उभी राहिले. नायकाने अंथरूण धरलं आणि समोर खसखस पिकली. तो अखेरचं बोलू लागला, तशी माणसं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. मागे वळून पाहते तर फळ्यावर अण्णांचं अक्षर: 'शकूची गोष्ट. हसण्याची.'

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरातरा त्यांच्यापुढे गेले. "माझं वाटोळं केलंत! अहो, माणूस मरतोय त्यात!"

"मरतोय खरा. पण अडीच पानं बोलता गो! मरतलो माणूस इतक्या बोलणा नाय."

"'रडण्याची' लिहिलं असतंत तर रडले असते ना लोक?"

"रडले असते," अण्णा शांतपणे म्हणाले. "आणि तू जन्मभर तसलंच लिहीत बसली असतीस."

महिनाभर मी त्यांच्याशी अबोला धरला. मग पुढच्या हस्तलिखितात, रागारागातच, सावंतकाकू आणि तो साधू लिहून काढला. या वेळी अण्णांनी फळा कोरा ठेवला. लोक तरीही हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने काकू. अण्णा कोपऱ्यात डोळे पुसत होते. मला रडवायचं होतं, ते असं एकाच्याच बाबतीत जमलं.

पुढे मिल सोडून ते मालवणकडे गावी गेले. वर्षभराने वाचनालयाच्या पत्त्यावर माझ्या नावे पोस्टकार्ड आलं. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'हसण्याचं'. अण्णांचं पत्र म्हणून सगळे भोवती जमले. मी मोठ्याने वाचलं:

"चि. शकूस आशीर्वाद. डॉक्टरांनी हात टेकले. तुझी अडीच पानं पुन्हा आठवली, पोट धरून हसलो. माझं मात्र एवढंच."

शिक्क्याप्रमाणे सगळे हसले. मीही हसले.

"पुढचं वाच ना गं," सावंतकाकू म्हणाल्या.

मी कार्ड उलटून पाहिलं. पत्त्याखेरीज पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.