सीलला लावलेलं तेल

आमची लालबागची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा पार्किंगमध्ये पांढऱ्या लाद्या आल्या आणि आमची जुनी डिझेल गाडी त्या लाद्यांवर तेल गाळू लागली. बाबांनी गाडीखाली पुठ्ठा टाकला. रोज सकाळी ते खाली जायचे, दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे, पुठ्ठा ओढून डाग बघायचे आणि वर येऊन कुणी न विचारता सांगायचे, "आज कमी आसा." कमी कधीच नसायचं.

सोसायटीतले लोक अडवायचे ते मला. वडिलांना कुणी काही बोलायचं नाही, वयाचा मान म्हणून. "ताई, तेवढं गाडीचं बघा ना," हे माझ्या वाट्याला. बघते म्हणायचे आणि मनात शिव्या द्यायचे.

लाद्या गेल्या खड्ड्यात. माझा जीव अडकला होता गणपतीत. मागच्या वर्षी गुडघ्यांमुळे बाबांचं गावी जाणं राहिलं होतं आणि वर्षभर त्यांनी त्याचा घोर लावून घेतला होता. यंदा जायचंच होतं, पण गाडीनेच. "एसटीन माका जमाचा नाय," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. गाडी चालवणार मी, आणि तेल गाळणारं इंजिन घेऊन घाट उतरायला मी तयार नव्हते. म्हणजे गळती थांबली तर बाबांना गणपती, नाहीतर नाही.

गॅरेज परळला, बंद गिरणीच्या मागच्या गल्लीत. मेकॅनिक माझ्याच वयाचा. ख्रिस्ती घरातला, जुन्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत वाढलेला. बाबा गिरणीत फिटर होते. याने शाळा सोडली तेव्हा पहिला पाना बाबांनीच त्याच्या हातात दिला होता. त्यामुळे त्याच्या गॅरेजमध्ये बाबांसाठी वेगळी खुर्ची असायची आणि बाबा ती हक्काने वापरायचे.

इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, क्रँकशाफ्टच्या टोकाला, बांगडीहून थोडं मोठं एक गोल सील असतं. आमचं तेल तिथून येत होतं. वस्तू एवढीशी, पण ती बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतरवला. नवीन सील आणलं. मग बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी पिशवीतून लांब चोचीचा तेलाचा डबा काढला, गिरणीतून शेवटच्या दिवशी आणलेला. दसऱ्याला आमच्याकडे त्या डब्याला झेंडूचं फूल वाहतात. बोटावर तेल घेऊन त्यांनी सीलच्या आतल्या कडेवरून गोल फिरवलं, बाळाला टाळूला तेल लावावं तसं. "सुक्या काय बसवूचा नसता," ते म्हणाले. मेकॅनिक हात मागे बांधून उभा होता. "बरोबर काका," म्हणाला आणि त्याने ते सील बसवलं.

गाडी घरी आली आणि पुठ्ठ्यावर पुन्हा डाग. परत गॅरेज. या वेळी त्याने निदान केलं की इंजिनाच्या श्वासाची नळी तुंबली आहे, आत दाब वाढतो आणि तेल बाहेर ढकललं जातं. नळी साफ केली, गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, पुन्हा नवं सील, पुन्हा बाबांचं बोट. पुन्हा डाग. मग तो म्हणाला, क्रँकलाच चर पडला असणार, इंजिन खोलावं लागेल. गणपती तोंडावर आले होते. बाबा चहा प्यायला गेले होते तेवढ्यात मी त्याच्यावर भडकले. म्हटलं, तुला येत नसेल तर तसं सांग, मी दादरला दुसऱ्याकडे नेते.

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "क्रँक ओके आहे गं. हल्लीची सीलं कोरडीच बसवायची असतात. नॉनस्टिक तव्याला असतं ना, तसल्या मटेरियलची कड असते. तेल लावलं की ती नीट बसतच नाही. मग गळणारच."

"हे तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"काकांचा हात मी धरू? तू धर ना, तू मुलगी आहेस."

मला त्याची कानशिलं लाल करावीशी वाटली. दोनदा खोटं बोलला, आणि हा म्हणे आदर! आपल्याकडे आदर म्हणजे म्हाताऱ्या माणसाला खुर्ची द्यायची, त्याच्या चुकीला मान डोलवायची आणि खरं बोलायचं ओझं घरच्या बाईवर टाकायचं.

तिसऱ्या खेपेला आम्ही बाबांना मुद्दाम उशिरा बोलावलं. ते डबा घेऊन आले तोवर सील बसलं होतं, वर फ्लायव्हीलचं जड चाक आवळून झालं होतं.

"तेल लावलंस?" बाबांनी त्याला विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

"लागत नाही बाबा," मी म्हटलं. "तुम्ही लावत होता म्हणूनच गळत होतं."

आजूबाजूची माणसं कामं थांबवून बघत होती. बाबांनी डब्याच्या चोचीला टोपण लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि खुर्चीत न बसता चालू लागले. मी जे बोलले ते खरं होतं, आणि आजही मी तेच बोलेन. पण ते बोलायची वेळ माझ्यावर आणणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही, आणि बाबांनाही नाही. एकदा तरी त्यांनी कुणाला विचारायचं होतं.

गळती थांबली. निघायच्या आदल्या दिवशी मी गाडीत सामान भरत होते, तेव्हा आई खाली येऊन म्हणाली, "तुझे बाबा पुढे गेले. एसटीने." मी म्हटलं, अगं, त्यांचे गुडघे! आई म्हणाली, "मी सांगितलं. ऐकतात का?"

आम्ही गावी पोचलो तेव्हा बाबा ओटीवर पाय लांब करून बसले होते, गुडघे सुजलेले. गाडी कशी आली हे त्यांनी विचारलं नाही. गणपतीसमोर आम्ही शेजारी उभं राहून आरती म्हटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आले तर बाबा गाडीपाशी वाकलेले. त्यांनी कुठूनसा पुठ्ठा आणून रात्री गाडीखाली सरकवला होता. आता तो ओढून काढून ते उजेडात वळवून वळवून बघत होते. मी जवळ गेले. त्यांच्या हातातल्या पुठ्ठ्यावर मीही डाग शोधू लागले, देवाशपथ, एखादा थेंब तरी सापडू दे म्हणून.

"सुको आसा," बाबा म्हणाले आणि पुठ्ठा माझ्या हातात देऊन आत गेले.