काकांचा शॉमबर्गचा पत्ता

सोरोरिटीचे किस्से म्हणजे कपाटातले स्टीलचे डबे. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात! परवा आमच्या पॉटलकला कुणाची तरी मुलगी कॉलेजला निघाली म्हणून विषय निघाला आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. आमच्या ग्रुपमध्ये असल्या घरात राहिलेली मी एकटीच ना! "वैजू, सांग ना यार, तुला कसं घेतलं त्यांनी?" बरं, आज सांगूनच टाकते. हसू येईल तिथे हसा. मला काही ठिकाणी अजून येत नाही.

आधी थोडं समजून घ्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. अमेरिकेतलं आमचं मोठं स्टेट कॉलेज. सोरोरिटी म्हणजे तिथले मुलींचे निवडक क्लब, प्रत्येकाचं स्वतःचं राहायचं घर, म्हणजे 'हाऊस'. ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू व्हायच्या आधी आठवडाभर 'रश' असायचा. नव्या मुली नटूनथटून एका हाऊसमधून दुसऱ्या हाऊसमध्ये जायच्या, वीस-वीस मिनिटं गोड गोड बोलायच्या. त्या बाहेर पडल्या की आतल्या मुली ठरवायच्या, हिला उद्या बोलवायचं की नाही. असं शेवटच्या दिवसापर्यंत. ज्या उरतील त्या हाऊसच्या 'सिस्टर्स'.

आम्ही राहायचो एका बारक्या गावात. मक्यापासून स्टार्च करायचा कारखाना, आणि गावभर त्याचा आंबूस वास. बाबा तिथे सेकंड शिफ्टला. आई ड्रायक्लीनरकडे कपडे अल्टर करायची. रशचा फॉर्म आला तेव्हा माझी चुलत बहीण मीनल फोनवर म्हणाली, "गावाचं नाव लिहू नकोस हं. जस्ट डोन्ट!" मीनलचे बाबा, म्हणजे माझे काका, शॉमबर्गला, पैसेवाल्यांच्या उपनगरात, डॉक्टर. काकूंनी लगेच फोन घेतला. "अगं, आमचा पत्ता टाक की!" आईला तर यात काही खोटं आहे हेच कळेना. "काकांचं घर म्हणजे आपलंच घर. त्यात विचारायचंय काय?" बाबा डबा उचलून शिफ्टला गेले.

मी लिहिलं, शॉमबर्ग.

* * *

पहिला दिवस. आम्ही पंचवीस-तीस मुली लॉनवर उभ्या. दार धाडकन उघडलं आणि आत काय, तर नुसती डोकी! खालपासून वरपर्यंत, चौकट भरून, एकावर एक रचलेले चेहरे आणि मधूनमधून टाळ्या वाजवणारे हात. कुठला हात कुणाचा काही कळेना. सगळ्या एका सुरात गात होत्या आणि सगळ्यांचं हसू एकाच मापाचं. माझ्या शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "आय वॉन्ट माय मॉम."

इतक्यात त्या ढिगातून एक मुलगी सुटून बाहेर आली, थेट माझ्याकडे. "हाय, वैजयंती!"

वैजयंती! अगदी स्वच्छ! शाळेत टीचर्सना बारा वर्षांत जे जमलं नाही ते हिला पहिल्या फटक्यात! मी तर विरघळलेच. मी अजून नेमटॅग लावलेला नव्हता, हे मला रूमवर परतल्यावर लक्षात आलं.

* * *

आत गेल्यावर पहिला प्रश्न, "कुठली तू?"

"शॉमबर्ग."

"ओ, नाइस! कुठल्या बाजूला?"

मी घाबरत काकांच्या रस्त्याचं नाव सांगितलं. "डॅडी काय करतात?" मी म्हटलं, "डॉक्टर."  मग ती गोड हसून म्हणाली, "तुमचा डेंटिस्ट कोण?"

डेंटिस्ट! मी आयुष्यात एकदाच गेले होते, तेही शाळेच्या कॅम्पमध्ये. म्हटलं, "डॅडीच बघतात सगळं." ती खळखळून हसली आणि म्हणाली, "यू आर सो फनी!"

हे ऐकून परवा आमच्या ग्रुपमधल्या नागपूरच्या शुभाताई म्हणाल्या, "त्यात काय, आपल्या मंडळाच्या गणपतीत दुसरं काय चालतं? कुठले देशपांडे? मूळ गाव कोणतं? मुंबईत राहायला कुठे होतात?" खरंच आहे. फक्त आपल्या काकू त्यानंतर प्रसाद देतात.

असो. मला घेतलं त्यांनी. आई रडली. काकूंनी शॉमबर्गला पेढे वाटले.

* * *

दुसऱ्या वर्षी मी दाराच्या आतल्या बाजूला. तेव्हा कळलं, नावं कशी पाठ असतात ते.

आमची रश चेअरमन पॅम. गोरीपान, नाजूक, आवाज मात्र हवालदाराचा! ती आम्हाला बेसमेंटमध्ये बसवायची, दिवे घालवायची आणि प्रोजेक्टरवर येणाऱ्या मुलींच्या स्लाइड्स दाखवायची. एक चेहरा एक सेकंद. तेवढ्यात सगळ्यांनी ओरडायचं : नाव, गाव, बापाचा धंदा. दिवसाला तीनशे चेहरे. शेवटी शेवटी चेहरे दिसायचेच नाहीत, नुसती गावं दिसायची. चांगलं गाव आलं की सगळ्या "ऊऊ" करायच्या. बारकं गाव आलं की शांतता.

एकदा मधे कोरी स्लाइड लागली. नुसती पांढरी भिंत.

आणि त्या भिंतीकडे बघून मागच्या रांगेतून तिघी एकदम ओरडल्या, "नो!"

आम्ही इतक्या हसलो, इतक्या हसलो! मग पॅमने दिवे लावून विचारलं, "कोण ओरडलं?" मागच्या रांगेत दोघीच बसल्या होत्या.

* * *

त्याच आठवड्यात एका दुपारी धो धो पाऊस. पाहुण्या मुली भिजून आल्या. आम्ही मोठ्या प्रेमाने रेनकोट काढून घेतले. "वरती वाळत घालतो हं!" वरती म्हणजे काय, तर चौघीजणी बसून कॉलरमधली लेबलं वाचायच्या आणि कागदावर लिहायच्या. त्या दिवशी माझी ड्यूटी होती.

एका कोटाला भारी दुकानाचं लेबल होतं. कोट मात्र साधाच. मी टाका बघितला आणि ओळखलाच. आतून घातलेली, गाठ न दिसणारी हातशिलाई. कुणाच्या तरी आईने जुन्या कपड्यावरचं लेबल काढून, दिव्याखाली बसून, जीव लावून शिवलं होतं. माझी आई आयुष्यभर हेच करत होती, मला कळणार नाही? मी कागदावर दुकानाचं नाव लिहिलं आणि कोट पुढे सरकवला. बोलले नाही कुणाला.

वीस मिनिटं झाली. कोट परत दिले. त्या मुलीने कोट अंगात घालता घालता कॉलरला हात लावला, आणि थांबली.

लेबल नव्हतं. कुणीतरी टाके उसवून काढून घेतलं होतं, एक धागासुद्धा मागे न ठेवता. ती थँक यू म्हणाली आणि पावसात निघून गेली. आम्ही चौघींनी एकमेकींना विचारलंसुद्धा नाही.

* * *

आता मिसेस हॉलोवेंबद्दल सांगायला हवं. या आमच्या हाऊसच्या जुन्या सिस्टर, वय सत्तरीच्या पुढे. रशचा आठवडाभर फायरप्लेसजवळच्या खुर्चीत बसून असायच्या. मोत्यांची माळ, मांडीवर हात. कुणाला गाव विचारायच्या नाहीत, बाप विचारायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या. त्यांच्या पापण्या लवताना मी कधी बघितल्या नाहीत, खोटं नाही सांगत!

टी पार्टीच्या दिवशी एका मुलीने बोलता बोलता सहज टेबलावरचे रिकामे कप उचलले. चार बशा एका हातावर, वर कप, एकही न वाजवता. मिसेस हॉलोवे म्हणाल्या, "किती सुरेख उचलतेस! कुठे शिकलीस?"

"डायनरमध्ये, मॅम! तीन समर वेट्रेस होते!" पोरगी खुलली अगदी. जाताना म्हणाली, "ती आजी किती स्वीट आहे!"

तिच्या नावाचं कार्ड त्याच संध्याकाळी केराच्या टोपलीत गेलं. माझ्या मनात मात्र भलतंच घोळत राहिलं. आपल्याकडे दुसऱ्याच्या घरी आपलं ताट आपण उचलायचं, हे आईने डोक्यात इतकं भरवलेलं. मागच्या वर्षी मी उचलला होता का कप? काही केल्या आठवेना.

* * *

आणि मग कॅरन आली.

स्लाइड लागली आणि मी ओरडायचीच राहिले. इतर सगळ्या ओरडल्या : कॅरन, अमुक गाव, फॅक्टरी. माझं गाव! आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारी. तिचे डॅड आणि माझे बाबा एकाच लाइनवर कामाला, एकाच गाडीने जायचे. तिच्या ममने माझ्या आईला ड्राइव्ह करायला शिकवलं होतं, तेही चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये, स्वतःची गाडी देऊन. माझ्या तापात ती बाई सूप घेऊन यायची.

आता कॅरनने नुसतं "हाय वैजू, काका-काकू कसे आहेत?" म्हटलं असतं तरी मी संपले होते. हो, ती माझ्या आई-बाबांना काका-काकूच म्हणायची!

दार उघडलं. मी ढिगात तिसऱ्या थरावर. तिने मला बघितलं, मी तिला. गाणं संपल्यावर मी खाली उतरले. माझ्या छातीवर नेमटॅग होता, त्यावर नाव आणि खाली शॉमबर्ग. तिने तो वाचला. नीट, सावकाश वाचला. मग हात पुढे करून म्हणाली, "हाय, मी कॅरन. शॉमबर्ग छान आहे म्हणतात. मी कधी आले नाहीये."

बाई गं! मी तिचा हात धरून उभीच राहिले.

पुढचे तीन दिवस तिने एकदाही चूक केली नाही. माझ्याशी अनोळखीच वागली. आणि बाकीच्यांना तर तिने वेडंच केलं! पियानो वाजवला. पॅमच्या मांजराची नक्कल केली. पॅम, जी गावाचं नाव ऐकूनच नाक मुरडायची, तीसुद्धा म्हणाली, "आय डोन्ट केअर कुठली आहे ती, मला ती हवी."

मला आनंद व्हायला हवा होता ना? मला झोप लागेना. ती आत आली की पेरेंट्स वीकेंडला तिचे आई-बाप येणार. तिचे डॅड सगळ्यांसमोर माझ्या पाठीत थाप मारून बाबांची चौकशी करणार. ती कितीही चांगली असू दे, किती दिवस गप्प बसणार?

शेवटच्या दिवशी भर दुपारी पडदे ओढले. आमच्याकडे शेवटचं मत पेटीत द्यायची पद्धत होती. प्रत्येकीला दोन गोट्या, एक पांढरी, एक काळी. लाकडी पेटीच्या भोकात मूठ घालायची आणि एक सोडायची. दुसरी मुठीत झाकून नेऊन कापडी पिशवीत टाकायची. कुणाला काही दिसत नाही. आणि नियम एकच : एक काळी पडली तरी मुलगी बाद.

मी रांगेत उभी होते तेव्हा मनाशी म्हणत होते, मी नाही टाकली तरी दहा-पंधरा जणी टाकणारच आहेत. वरवर कितीही गोड बोलल्या तरी फॅक्टरीवाल्याची मुलगी या घेणार आहेत थोड्याच? माझी एक त्यात कुणाला कळणार? पेटीत हात घातला. आत गार होतं. मी काळी सोडली.

पॅमने पेटी टेबलावर पालथी केली. गोट्या घरंगळल्या आणि थांबल्या.

आम्ही बावन्न जणी होतो. एकावन्न पांढऱ्या.

 पॅमच्या डोळ्यांत पाणी आलं, पॅमच्या! माझ्या शेजारची ट्रेसी हुंदके देत माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "इतकं वाईट कोण असेल गं?" मला इतकी लाज वाटली की तिच्या पाठीवर ठेवलेला माझा हात मला माझा वाटेना.

सगळ्या बाहेर पडल्या. मी शेवटी. फायरप्लेसजवळून जाताना खुर्चीतून आवाज आला, अगदी हळू, अगदी प्रेमाने.

"थँक यू, डिअर," मिसेस हॉलोवे म्हणाल्या. "तुझे बाबा अजून सेकंड शिफ्टलाच आहेत ना?"